ज्वारीतली तूर आणि मुळांची मर

तुरीला मर लागते ती बहुधा फुलोऱ्यात किंवा शेंगा धरताना. भाद्रपदात हिरवेगार असलेले झाड मार्गशीर्षात पिवळे पडू लागते, शेंडे माना टाकतात आणि थोड्याच दिवसांत ओळीतली काही झाडे उभीच्या उभी वाळतात. शेजारची झाडे मात्र ठणठणीत असतात. वाळलेल्या झाडाच्या बुंध्यापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा दिसतो आणि साल सोलली की आतल्या लाकडावर काळपट रेघा आढळतात. कधी झाडाची एकच बाजू मरते आणि दुसऱ्या बाजूला शेंगा भरत राहतात. या सगळ्याला कारण असते जमिनीत राहणारी फ्युजेरियम उडम ही बुरशी. ती बारीक मुळांतून आत शिरते, पाणी वर नेणाऱ्या नलिकांमध्ये वाढते आणि त्या बंद करते. झाड मेल्यावर ती मुळांच्या आणि बुंध्याच्या कुजक्या अवशेषांत दोन-तीन वर्षे तग धरते. पुढच्या हंगामात तुरीचे मूळ तिथवर पोचले की तीच चाल पुन्हा सुरू होते. ज्वारी, बाजरी किंवा कापूस यांना ही बुरशी मारत नाही. मिश्र पिकाशी तिचे नाते या एका गोष्टीतून सुरू होते.

महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात तूर शेतात एकटी सहसा नसे. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात ती ज्वारीत किंवा कपाशीत ओळीने पेरली जाई. तिफणीने ज्वारीच्या काकऱ्या पडत असताना मागे दोरीने बांधलेल्या वेगळ्या नळीतून तुरीचे बी सोडायचे, ही तिची रीत. या नळीला विदर्भात सरता म्हणत, दख्खनकडे मोघण. तुरीच्या दोन ओळींत ज्वारीच्या किती काकऱ्या ठेवायच्या, हे जमिनीचा मगदूर, पावसाचा अंदाज आणि घरात डाळ किती लागते यावर ठरे. ज्वारीच्या बियाण्यातच मूग, उडीद, बरबटी मिसळत आणि कडेला अंबाडीचे तास घेत. मूग-उडीद गौरी-गणपतीच्या आगेमागे निघत, ज्वारी दिवाळीनंतर कापली जाई, आणि मग धसकटांमधून तूर एकटी उभी राहून पौष-माघापर्यंत पिके. एकाच वावरातून तीन वेळा माल घरी येई. पाऊस लवकर तुटला तर मूग हाती लागे, मध्येच खंड पडला तर ज्वारीचा कडबा तरी मिळे, आणि सगळे फसले तरी खोल मुळाची तूर थोडीफार देऊन जाई.

एवढी कारणे ही रीत टिकायला पुरेशी होती. रोगाचा विचार करून कोणी ज्वारीत तूर घातली, असे मानायला आधार नाही. मुळांच्या रोगापासून मिळणारे संरक्षण हा या व्यवस्थेचा न मागता मिळालेला लाभ होता. मागितलेला नसल्यामुळे तो कोणाच्या हिशेबातही नव्हता, आणि व्यवस्था मोडत गेली तेव्हा हा लाभ गेल्याचेही फारसे कोणाला जाणवले नाही. शेतकऱ्याजवळ या अंगाचा एक शब्द मात्र होता: बेवड. आधीच्या पिकाने जमिनीला आणलेला गुण-अवगुण म्हणजे बेवड. तुरीवर तूर घेऊ नये, हरभऱ्याची बेवड ज्वारीला चांगली, अशा बोलीत अनेक पिढ्यांचे निरीक्षण साठलेले होते. पण बेवड हा एका हंगामानंतर दुसऱ्या हंगामाचा हिशेब आहे; एकाच हंगामात शेजारी उभ्या असलेल्या दोन पिकांच्या मुळांत काय चालते, त्याचा नव्हे.

इंग्रज अधिकाऱ्यांना हा मिश्र पेरा सुरुवातीला गोंधळाचा वाटे. सारा आणि पिकांची आकडेवारी ठेवणाऱ्यांना एका वावरात एकच पीक सोयीचे होते. मत बदलवणाऱ्यांत इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर आघाडीवर होता. हिंदुस्थान सरकारच्या बोलावण्यावरून तो १८८९ साली आला, देशभर फिरला आणि त्याचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. इथल्या शेतकऱ्याला फेरपालट कळत नाही हा समज त्याने खोडून काढला. मिश्र पिकातही एक प्रकारची फेरपालटच असते, हे त्याने दाखवले. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील जेम्स मॉलिसन याने १९०१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात इथल्या मिश्र पेऱ्यांची बारकाईने नोंद केली. मात्र दोघांच्याही लेखनाचा भर जमिनीचा कस, नत्र आणि पावसाचा धोका यांवर होता. मुळांच्या रोगाचे शास्त्र तेव्हा नुकते उभे राहत होते.

ते शास्त्र हिंदुस्थानात आणले एडविन जॉन बटलर या आयरिश डॉक्टराने. वैद्यक शिकलेला आणि बुरशींच्या नादाला लागलेला हा माणूस १९०१ साली सरकारी नोकरीत आला आणि पुढे बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये निघालेल्या संशोधन संस्थेत इंपीरियल मायकॉलॉजिस्ट झाला. तुरीच्या मर रोगावर त्याने १९०६ साली पहिला लेख लिहिला. त्या वेळी त्याच्यासमोर अमेरिकेतल्या अर्विन स्मिथचे काम होते. कापूस, चवळी आणि कलिंगड यांच्या मरीवर काम करून स्मिथने निओकॉस्मोस्पोरा नावाच्या बुरशीला दोषी ठरवले होते. वाळलेल्या तुरीच्या मुळांवरही तिचीच लाल फळे दिसत, त्यामुळे तुरीचा रोगही तिचाच, असे मानणे सोपे होते. बटलरने ते मानण्यापूर्वी तपासले. शुद्ध वाढवलेल्या बुरशी त्याने वेगवेगळ्या मातीत घातल्या आणि रोग कशाने होतो ते पाहिले. निओकॉस्मोस्पोरा मेलेल्या मुळांवर वाढणारी उपरी निघाली. खरी मारेकरी वेगळी होती, आणि १९१० च्या प्रबंधात त्याने तिला फ्युजेरियम उडम हे नाव दिले. रोगाचे कारण म्हणून जी बुरशी डोळ्यांना दिसते तीच कारण असते असे नाही, हा धडा हिंदुस्थानातल्या वनस्पतिरोगशास्त्राला अगदी आरंभीच मिळाला. बटलरचे ‘फंगाय अँड डिसीज इन प्लँट्स’ हे पुस्तक १९१८ मध्ये आले आणि दोनेक वर्षांत तो इंग्लंडला परतला.

कारण सापडल्यावर उपायाचा प्रश्न आला. पानावरच्या रोगावर फवारणी करता येते. मातीत हातभर खोल असलेल्या बुरशीवर काय फवारणार? उरले दोन मार्ग. एक म्हणजे रोगाला दाद न देणारे वाण शोधणे, आणि दुसरा म्हणजे जमिनीची स्थिती बुरशीला प्रतिकूल करणे. पुसा येथे दोन्ही चालू राहिले. मॅक्रे आणि शॉ यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वेगवेगळी खते आणि मर यांचा संबंध तपासला. सुपरफॉस्फेटने रोग वाढला आणि तागाचे हिरवळीचे खत गाडल्यावर तो उतरला, असे त्यांना दिसले. जमिनीत काय घातले, यावर मुळांचा रोग ठरतो, हे यातून कागदावर आले. १९३४ च्या भूकंपात पुसाची इमारत कोसळली आणि संस्था दिल्लीला हलली. १९३८ साली आर. डी. बोस यांनी तुरीच्या आधी तंबाखू घेतल्यास मर कमी होते, हे मांडले. तंबाखूला ही बुरशी लागत नाही, तरी तिच्या मुळांच्या सान्निध्यात बुरशी नुसती उपाशी राहत नाही, तर घटते, हा त्यातला लक्षात घेण्यासारखा भाग होता.

याच सुमारास पंजाबात लायलपूर येथे एक वेगळे काम चालले होते, आणि आंतरपिकाने मुळांचा रोग कमी होतो हे प्रयोगाने दाखवण्याचा मान बऱ्याच अंशी त्याला जातो. तिथल्या कालव्यावरच्या कपाशीला उन्हाळ्याच्या भरात मूळकुज लागे. ऱ्हायझोक्टोनियाच्या दोन बुरशी त्याला कारण होत्या. रोग जून-जुलैत जोर करी आणि पुढे गारवा आला की ओसरे, यावरून जमिनीच्या तापमानाचा संशय होता. आर. एस. वासुदेव यांनी कपाशीच्या ओळींमध्ये मटकी पेरून पाहिली. मटकीने जमीन झाकली, सावलीखालची माती थंड राहिली आणि मूळकुज उतरली. १९४१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. पुढे वासुदेव दिल्लीच्या संस्थेत बुरशीशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. मटकीची पसर महाराष्ट्रात माहीत नाही असा शेतकरी नाही, पण ती कपाशीच्या मुळांचे ऊन अडवते म्हणून कोणी पेरत नव्हते.

महाराष्ट्रात त्या काळी मोठा प्रश्न कापसाचा होता. खानदेश आणि वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीत देशी कपाशीला फ्युजेरियमचीच, पण तुरीहून वेगळी मर लागे. १९२१ साली स्थापन झालेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने या रोगासाठी पैसा पुरवला. पुण्यात जी. एस. कुलकर्णी यांनी आणि नंतर बी. एन. उप्पल यांनी मुंबई इलाख्यासाठी हे काम केले. मातीचे तापमान ठरावीक ठेवणाऱ्या टाक्यांत रोपे वाढवून, रोगट मातीत टिकतील अशा वाणांची निवड त्यांनी केली. खानदेशात जरीला हा रोगाला तोंड देणारा वाण पसरला. मध्यप्रांतात बुरी आणि पुढे व्हेरम हे वाण त्यासाठीच नावाजले गेले. वाणाचा मार्ग यशस्वी झाला, आणि त्याच्या यशाने दुसरा मार्ग झाकोळला. रोगप्रतिकारक वाण शोधण्यासाठी रोगट वावर लागते. तेच पीक त्याच जागी वर्षानुवर्षे एकटे घेऊन, मेलेली झाडे तिथेच गाडून, जमीन मुद्दाम आजारी करावी लागते. मिश्र पेरा त्या कामात अडचणच. संशोधन केंद्रांवर पिढ्यान्पिढ्या जी तूर आणि कपाशी अभ्यासली गेली ती शेतकऱ्याच्या वावरात नसलेली, एकटी तूर आणि एकटी कपाशी होती.

याला अपवाद म्हणून सर ॲल्बर्ट हॉवर्ड याचे नाव घेतले जाते. पुसाहून १९२४ मध्ये इंदूरला गेलेला हा शास्त्रज्ञ रोगापेक्षा जमिनीकडे बोट दाखवी. कीड आणि बुरशी यांना तो आपले शिक्षक म्हणे, कारण चूक कुठे झाली ते त्या दाखवून देतात. त्याच्या लेखनात मिश्र पिकांचे कौतुक भरपूर आहे. पण मुळांशी नेमके काय घडते याबाबत तो बुरशी-मुळांच्या सहजीवनावर इतका भर देत गेला की समकालीन शास्त्रज्ञांना ते पटले नाही. हॉवर्डची दिशा बरोबर होती, पुरावे मात्र विरळ होते.

कोकणात हा सगळा प्रश्न वेगळ्या अंगाने सुटलेला होता. उल्हास नदीचे खोरे त्याचे चांगले उदाहरण. अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलाहारकालीन शिलालेख आहे, आणि मंदिराच्या परिसरातून बदलापूरपर्यंतची खाचरे ही जुनी भातशेतीची भूमी. खाचरात पावसाळाभर पाणी उभे असते. पाण्याखालच्या मातीत हवा राहत नाही आणि हवेवाचून फ्युजेरियमसारख्या बुरशी तगत नाहीत. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत पनामा रोगाने जमिनी निकामी झाल्या, तेव्हा विसाव्या शतकाच्या मध्यास तिथे मुद्दाम पाणी कोंडून माती धुण्याचा खटाटोप झाला. ठाणे जिल्ह्यात ते काम भात दरवर्षी फुकट करीत आला. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल घेतला जाई. इथे एका पिकाचा दुसऱ्याला आधार ओळींतून नव्हे, ऋतूंतून होता. तूर मात्र बांधावर लावत. बांध पाण्याबाहेर राहत असल्याने पाण्याचा तो फायदा तिला नव्हता; पण बांधावरची एकेरी, तुटक ओळ मुळांमुळांतून रोग पसरायला फारशी संधी देत नाही. १९४९ नंतर उल्हासनगर वसले, अंबरनाथला कारखाने आले आणि या खाचरांचा बराच भाग इमारतींखाली गेला.

तूर आणि ज्वारी यांच्या मूळ जोडीकडे शास्त्राचे नीट लक्ष गेले ते १९७० च्या दशकात. त्याआधीच चित्र पालटू लागले होते. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले. ते बुटके आणि लवकर येणारे होते. त्याच्याबरोबर रासायनिक खत आले, आणि सरकारी शिफारशीत सलग पिकाचा आग्रह आला. त्याच वेळी कोरडवाहू शेतीसाठी १९७० साली देशव्यापी संशोधन योजना निघाली. अकोला आणि सोलापूर तिची केंद्रे होती. दोन वर्षांनी हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिथल्या रॉबर्ट विली यांनी आंतरपिकाचा हिशेब मांडण्याच्या पद्धतींना शिस्त लावली, आणि यशवंत नेने यांच्या गटाने डाळवर्गीय पिकांच्या रोगांचा अभ्यास हाती घेतला. १९७५ नंतर त्यांनी राज्याराज्यांतून तुरीची शेते पाहिली. राजस्थानात मरीचे प्रमाण ०.१ टक्का होते आणि महाराष्ट्रात २२.६ टक्के, हे त्या पाहणीतले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडे. तुरीचे माहेर समजल्या जाणाऱ्या प्रदेशातच तिचा रोग सर्वांत पसरलेला होता.

त्यानंतर नटराजन, कण्णैयन, विली आणि नेने यांनी पाटणचेरूच्या रोगट जमिनीत काही वर्षे प्रयोग केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. दरवर्षी सलग तूर, एक वर्ष तुरीला विश्रांती देऊन ज्वारी, एक वर्ष पडीक जमीन, आणि ज्वारीत तूर अशा पद्धती त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. सलग तुरीत मर वर्षागणिक वाढत गेली. एका वर्षाच्या खंडानेही ती बरीच उतरली. आणि ज्वारीत पेरलेल्या तुरीत, तूर दरवर्षी त्याच जमिनीत असूनही, मर सलग तुरीपेक्षा स्पष्टपणे कमी राहिली. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची जुनी पेरणी अशा रीतीने एका नियंत्रित प्रयोगात तपासली गेली आणि खरी उतरली.

असे का होते, याची उत्तरे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. सर्वांत साधे उत्तर अंतराचे. तुरीची दोन मुळे जितकी दूर, तितकी बुरशीला एका मुळावरून दुसऱ्यावर जायला वाट लांब. मध्ये ज्वारीची दाट, तंतुमय मुळे पसरलेली असतात आणि त्यांच्यावर तिला अन्न मिळत नाही. पण नुसते अंतरच कारण असते, तर तेवढीच जागा मोकळी ठेवून तोच परिणाम मिळायला हवा. ज्वारीची मुळे याहून अधिक काही करतात. ज्वारीच्या कोवळ्या ताटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. उन्हाळी फुटवे खाऊन गुरे दगावतात ती त्यानेच. जी. रंगस्वामी आणि बालसुब्रमण्यन यांनी १९६३ मध्ये दाखवले की हे आम्ल मुळांतूनही मातीत उतरते आणि मुळांभोवतीच्या सूक्ष्मजीवांवर व रोगकारक बुरशींवर त्याचा परिणाम होतो. त्यापूर्वी १९४१ साली कॅनडात टिमोनिन यांनी जवसाबाबत तेच दाखवले होते: मरीला न बळी पडणाऱ्या जवसाची मुळे हे आम्ल अधिक सोडत आणि त्यांच्याभोवती फ्युजेरियम कमी राही. विदर्भात हरभरा आणि जवस एकत्र घेण्याची रीत आहे. त्या जोडीत हरभऱ्याची मर कमी दिसते, याचे कारण इथे असण्याचा संभव आहे.

ज्वारीच्या मुळांपाशी दुसऱ्या सूक्ष्मजीवांची वस्तीही बदलते. बुरशीचे शत्रू असलेले जिवाणू आणि ट्रायकोडर्मासारख्या बुरशी तिथे वाढल्या, तर फ्युजेरियमचे बीजाणू रुजले तरी टिकत नाहीत. पाण्याचे वाटपही बदलते. ज्वारी वरच्या थरातले पाणी घेते, तूर खाली जाते. भाद्रपदात तुरीचे झाड ज्वारीच्या सावलीत संथ वाढत असते आणि त्याच काळात मुळांना लागण होत असते, जरी लक्षणे पुढे तीन महिन्यांनी दिसली तरी. ज्वारी दिवाळीनंतर निघून जाते तेव्हा तिचे काम बरेचसे झालेले असते. ती निघाल्यावर मरीची जी झाडे दिसतात, ती पाहून ज्वारीने काही उपयोग केला नाही असे वाटू शकते; तुलना सलग तुरीशी केली तरच फरक कळतो.

चीनमध्ये या विषयावर गेल्या वीस वर्षांत झालेले काम महाराष्ट्राच्या वाचकाला विशेष पटण्याजोगे आहे, कारण तिथल्या जोड्याही शेतकऱ्यांच्याच आहेत. युन्नानमध्ये मका आणि मिरची एकत्र घेतात. मिरचीच्या मुळांना मारणाऱ्या फायटोफ्थोराचे पोहणारे बीजाणू मक्याच्या मुळांकडे ओढले जातात, पण तिथे मुळांतल्या रसायनांनी ते मरतात. मक्याची ओळ गावकुसासारखी मध्ये उभी राहते. भातासोबत लावलेल्या कलिंगडाच्या मुळांत फ्युजेरियम कमी आढळले, आणि भाताच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये बीजाणूंचे रुजणे रोखतात असे दिसले. जगभरच्या अशा प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये न्यू फायटॉलॉजिस्ट या नियतकालिकात आले. आंतरपिकाने मातीतून होणाऱ्या रोगांचे प्रमाण सरासरीने निम्म्याहून कमी होते आणि सूत्रकृमींचा उपद्रव सुमारे ४० टक्क्यांनी घटतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

सरासरी मात्र दिशाभूलही करते. कोणतीही दोन पिके एकत्र आली की मुळे निरोगी राहतील, असे नाही. मॅक्रोफोमिना फॅसिओलिना ही बुरशी शेकडो वनस्पतींना लागते. रब्बी ज्वारीला ताणाच्या वर्षी होणारा खडखड्या रोग तिचाच. त्यात ताट आतून पोकळ होऊन आडवे पडते. सोयाबीन, तीळ, सूर्यफूल, मूग, चवळी या सर्वांना ती मूळकुज देते. अशा बुरशीपुढे ज्वारी आणि मूग हे एकमेकांचे रक्षक नसून भागीदार होतात. वासुदेवांच्या मटकीने लायलपूरची कपाशी वाचवली ती बुरशीला अन्न नाकारून नव्हे, तर माती थंड ठेवून. कोरड्या जमिनीत हीच मटकी ओल ओढून घेते आणि ताण वाढवते, तर उलट परिणाम होऊ शकतो. म्हणून कोणत्या रोगासाठी कोणती जोडी, हे आधी रोगाची बुरशी ओळखूनच ठरते. हरभऱ्याची फ्युजेरियम मर तर हरभरा नसतानाही जमिनीत सहा-सहा वर्षे टिकते, हे इक्रिसॅटच्याच कामातून पुढे आले आहे; तिथे एका हंगामाच्या सोबतीने फार मोठी अपेक्षा करता येत नाही.

वाणाच्या बाजूने याच काळात मोठी प्रगती झाली. महाराष्ट्रातून गोळा केलेल्या एका जुन्या वाणातून इक्रिसॅटने निवडलेली आयसीपी ८८६३ ही तूर १९८६ मध्ये कर्नाटकात मारुती या नावाने प्रसारित झाली आणि रोगट जमिनींत शेतकऱ्यांनी ती उचलून धरली. आशा हे वाण १९९३ मध्ये आले. मराठवाड्यात जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राने बीडीएन आणि बीएसएमआर या मालिकांतले वाण दिले. बीएसएमआर ७३६ मर आणि वांझ रोग दोन्हींना तोंड देते, म्हणून ते दीर्घकाळ टिकले. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळण्याची शिफारसही आता सर्वत्र आहे. वाणाचा फायदा असा की शेतकऱ्याला पेरणीची पद्धत बदलावी लागत नाही, पिशवी बदलली की झाले. तोटा असा की बुरशीचेही प्रकार असतात, आणि एका भागात टिकणारे वाण दुसऱ्या भागात किंवा काही वर्षांनी बळी पडते. मिश्र पेऱ्याने मिळणारे संरक्षण अपुरे असते, पण ते एका जनुकावर अवलंबून नसते. दोन्ही एकत्र वापरावेत असे रोगशास्त्रज्ञ सांगतात. प्रत्यक्षात बियाणे दुकानात मिळते आणि पेरणीची पद्धत मिळत नाही.

ज्वारी मागे पडल्याने हे अधिकच अवघड झाले. १९८० च्या दशकाअखेरीस सोयाबीन विदर्भ-मराठवाड्यात शिरले आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत खरीप ज्वारीची जागा त्याने घेतली. भाकरीच्या जागी रेशनचे धान्य आले, गुरे घटली तसा कडबाही नको झाला, आणि कणसे खाणाऱ्या पाखरांची राखण करायला माणूस मिळेना. तूर टिकली, तिच्या डाळीला भाव होता. आता ती सोयाबीनमध्ये जाते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची प्रचलित शिफारस सोयाबीनच्या ४ ओळींना तुरीच्या २ ओळी अशी आहे. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राला ते सोयीचे पडते. फ्युजेरियम उडम सोयाबीनला लागत नाही, तेव्हा तुरीच्या मरीपुरते सोयाबीनही आडवी भिंत घालते. पण ज्वारीच्या मुळांचा रासायनिक गुण त्याच्यात नाही. शिवाय २ ओळी शेजारी असल्याने तुरीची मुळे निदान एका बाजूने एकमेकींना भिडतात. सरत्याने सोडलेल्या एकट्या ओळीत तसे नव्हते. सोयाबीनची स्वतःची मूळकुज आणि खोडकुज मॅक्रोफोमिनाकडून येते, आणि पावसात खंड पडला की तीच बुरशी तुरीच्याही मुळांना धरते.

कपाशीतली तूर आजही वऱ्हाडात दिसते, बीटी कपाशी आल्यानंतरही. कापूस आणि तूर यांच्या मरीच्या बुरशी एकाच फ्युजेरियम वंशाच्या, पण आपापल्या पिकापुरत्या मर्यादित. त्यामुळे त्या दोघांना एकमेकांचा धोका नाही आणि मुळांच्या अंतराचा लाभ मिळतो. शेतकरी तिथे तूर ठेवतो ती मात्र अजूनही जुन्याच कारणांनी: कापूस गेला तर डाळ उरावी, पराटीबरोबर तुराट्याही जळणाला मिळाव्यात, आणि धुऱ्याकडून येणारा वारा थोडा अडावा. तुराट्या मुळासकट उपटून नेण्याचा रिवाजही त्याच जळणासाठी पडला होता. मुळे आणि बुंधे वावराबाहेर गेल्याने बुरशीचा पुढच्या वर्षीचा साठाही त्यांच्याबरोबर बाहेर जाई. घराघरांत गॅस आला तशी बऱ्याच ठिकाणी तूर कोयत्याने किंवा यंत्राने वरून कापली जाऊ लागली, आणि बुंधे मुळांसह जमिनीतच राहू लागले.